नांगऱ्यांच्या पानावरचं ‘दुबार’

भीमप्पाकाका, परवा सकाळी तुमचा मल्लप्पा सोलापुरात माझ्या दारी आला तो पायी आला. पाठीवर वह्यांचं गाठोडं, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले, आणि बैल नव्हता. हेळवी बैलावाचून आला म्हणजे काय झालं असेल ते मला कळलं होतं. तरी मी वेड्यासारखं विचारलं, “बैल कुठं आहे?” तो म्हणाला, “बाप गेला की धा दिस बैलावर बसायचं नसतंय, मास्तर.” मग तो उंबऱ्यावर बसून रडला. मीही त्याच्याजवळ बसलो. गिरणीचा भोंगा झाला, माझी शाळेची वेळ झाली, तरी दोघांनाही उठवेना.

शेजारच्या विणकरांच्या घरातल्या म्हातारीनं विचारलं, कोण गेलं, नात्यातलं का? मी म्हटलं, आमचा हेळवी गेला. बोळातला तुमचा बैल तिला आठवला, पण हेळवी म्हणजे काय ते कळेना. मग सांगितलं, की एक माणूस दोन-तीन वर्षांनी बैलावर बसून दारी येतो, घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ म्हणतो, नवीन जन्मलेल्यांची नावं वहीत चढवतो, लेकी कुठं दिल्या ते लिहितो, सूपभर धान्य घेतो आणि पुढच्या गावी जातो. म्हातारी म्हणाली, “म्हणजे भिक्षेकरीच की.” तुम्ही असता तर तिच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, आणि त्याही नावानिशी. मला मात्र तिचा राग आला नाही. एके काळी मी तरी तुम्हाला काय वेगळं समजत होतो?

आमचं गाव जेऊर स्टेशनापासून कोसभर. खळी झाडून झाली की तुम्ही यायचा. आधी घुंगुरमाळ ऐकू यायची, मग लाल झूल दिसायची, मग त्या झुलीवर ऐटीत बसलेले तुम्ही. तुमच्या मूळ पुरुषाला पाय नव्हते, म्हणून हेळवी बैलावरूनच येतो, असं तुम्ही सांगायचा. तुमचे पाय चांगले ठणठणीत होते. ओढ्याकाठी बैल बिथरला की त्याच्यामागं तुम्ही कसे पळायचा ते सगळ्या गावानं पाहिलेलं. पण दारासमोर आलात की तुम्ही लंगडे. आमचे वडील लवकर गेले; मला आणि धाकट्या द्वारकेला चुलत्यांनी, आबांनी, वाढवलं. ते मुद्दाम म्हणायचे, “उतर की खाली, भीमप्पा.” तुम्ही तोंड पाडून म्हणायचा, “पाय न्हाईत, आबा.” चुलती बैलाच्या पायावर पाणी घालायची, कुंकू लावायची, आणि मगच तुमचा आवाज लागायचा.

“राणू आला वरल्या अंगानं. मागं दुस्काळ, फुडं माळ. संगं येक बैल, येक गाय. बैलासंगं गाय जुपली, माळ फोडला, नांगरे झाला. राणूचा सटवा. सटवानं हीर काडली, पानी खारट लागलं. तीन दिस हिरीकडं पाट करून बसला, चौथ्या दिशी वीस पावलांवर दुसरी काडली.”

त्याच दुसऱ्या विहिरीचं पाणी आम्ही पीत होतो. तुमच्या तोंडून ते ऐकलं की घागरीकडे पाहावंसं वाटायचं.

गायीवरून मात्र दर खेपेला भांडण. गाय औताला जुंपणं म्हणजे पाप, आणि आमच्या मूळ पुरुषानं नेमकं तेच केलेलं. नातेपुत्याचे सोयरे लग्नाकार्यात आम्हाला ‘गाय जुपनारे नांगरे’ म्हणून चिडवायचे. आबांनी एकदा नवं पागोटं पुढं ठेवून सांगितलं, भीमप्पा, तेवढी गाय वगळ, दोन बैल म्हण. तुम्ही पागोट्याकडे पाहिलं, चांगलं वळून-वळून पाहिलं, आणि म्हणालात, “दुसरा बैल मी कुटनं आनू, आबा? राणूपाशी न्हवताच की. गाय काडली तर तेनं येका बैलावर माळ कसा फोडला, तेवढं सांगा.” आबांनी पागोटं उचलून आत नेलं. तुम्ही जुनंच पागोटं बांधून गेलात. एक शब्द इकडचा तिकडे न करणारा माणूस म्हणून गाव तुम्हाला मानायचं, ते उगीच नाही. तुमची कमाई ती तेवढीच होती.

मला तुम्ही तम्मा म्हणायचा आणि द्वारकेला तंगी. कानडीत धाकट्या भावाबहिणीला म्हणतात तसं. माझं पाळण्यातलं नाव सटवा. आमच्यात नातवाला आजाचंच नाव. शाळेत मास्तरांना ते बरं वाटलं नाही, त्यांनी सदाशिव केलं. मी सदाशिव झालो तो अंगात आल्यासारखाच झालो. गावातला पहिला फायनल पास. सोलापुरात मास्तरकी लागली, डोक्यावर टोपी आली, खिशात लाल शाईची दौत आली. सुट्टीला गावी आलो की दुकानाची पाटी असो की देवळातला फलक, शुद्धलेखनाच्या चुका काढत हिंडायचो. लोक कौतुक करायचे, म्हणून आणखी काढायचो.

त्या वर्षी तुम्ही जेवून गोठ्यात पडला होता. चुलतभावाच्या मुलाचं नाव चढवून वही तशीच उघडी ठेवली होती. आमच्या बाजूच्या घरांची ती वही तुमच्या वडिलांनी मोडीत लिहवून घेतलेली. मी नांगऱ्यांचं पान वाचायला लागलो. राणूचा सटवा, सटवाचा राणू, राणूचा सटवा, सटवाचा राणू. मला वाटलं, लिहिणाऱ्याला डुलकी लागली आणि त्यानं तीच जोडी पुन्हा उतरवली. राणू माझ्या लेखी एकच होता. त्यानंच माळ फोडला आणि त्यानंच दुष्काळात गाव ओस पडल्यावर एकट्यानं परत येऊन रिकाम्या घरांच्या चुली पेटवल्या, लांबून धूर दिसावा आणि माणसं परत यावीत म्हणून. लहानपणापासून हे दोन्ही ऐकलेलं, पण त्यात आजा-नातवाचं अंतर आहे हे माझ्या फायनल पास डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मी टाक काढला. मधली जोडी लाल रेघेनं खोडली आणि समासात पोरांच्या वहीवर मारतो तसा शेरा मारला: दुबार.

त्या रेघेखाली बारीक अक्षरात आणखी एक नाव गेलं. धुरवाल्या राणूचा धाकटा मुलगा धोंडी. खालच्या अंगाला सासुरवाडीला राहिला. सासऱ्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याचं मळगे हे आडनाव घेतलं, देवकही त्यांचंच लावलं. तुम्ही दारात म्हणताना “धाकटा धोंडी दक्षिणेला गेला” एवढंच म्हणायचा. आडनाव फक्त वहीत. मी ते वाचलं. पुढं वंश लिहिलेला नव्हता, म्हणून बिनकामाचं वाटलं, आणि रेघ तशीच पुढं ओढली.

तुम्ही उठलात, वही पाहिली. मी शाबासकीच्या तयारीत उभा. तुम्ही ओरडला नाहीत. बराच वेळ शाई वाळलेल्या जागी अंगठा फिरवत राहिलात आणि मग म्हणालात, “तीन मानसं मारलीस की रं, तम्मा.” मी वाद घातला. शाळेत शिकवतो तसा बोटांवर मोजून हिशेब मांडला. तुम्ही एकेका पिढीची बायको, तिचं माहेर, मुलं, कोण कशानं गेलं, ते सगळं दोन्ही राणूंचं वेगवेगळं सांगितलंत. मी दौतीला बूच लावलं. माफी मात्र मी मागितली नाही. “मंग दुसरं पान लिहून देऊ का?” म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, “असू दे. मला पाट हाय.”

माफी मागायची राहिली ती राहिलीच. आता ती सांगून काय उपयोग, असं वाटतं, पण मी आज सगळंच सांगायला बसलो आहे.

द्वारकेला लहानपणी देवी आल्या होत्या. तोंडावर व्रण राहिले आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं. तीन स्थळं पाहून गेली, निरोपही आला नाही. तिसऱ्या खेपेनंतर ती चुलतीला म्हणाली होती, “आता मला दाखवायची असंल तर तिकीट लावा, म्हंजी पव्ह्यांचा खर्च तरी निगंल.” घर हसलं, आणि ती मागं जाऊन गोवऱ्या थापत बसली. मग माझ्या शाळेतल्या एका सोबत्यानं अक्कलकोटच्या अंगाचं स्थळ सुचवलं. नागनाथ मळगे. घरात कानडी-मराठी दोन्ही, जमीन काळी, आडनाव वेगळं, देवक वेगळं, काहीच आड येत नव्हतं. मळगे हे नाव ऐकून माझ्या मनात काही हललंसुद्धा नाही, शपथेवर सांगतो. नागनाथ पाहायला आला तेव्हा द्वारकेनं मान वर करून त्यालाच विचारलं, “तुमास्नी मराठी नीट समजतं का?” तो म्हणाला, “तुमी सावकाश बोलला तर समजंल.” ती म्हणाली, “मला सावकाश येत न्हाय.” तो असा हसला की आबांना तिथंच कळलं, हे जमलं. सुपारी फुटली. त्या आठवड्यात द्वारका जात्यावर गायला लागली. तिला गाताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आणि लग्नाला दहा-बारा दिवस असताना तुमची घुंगुरमाळ वाजली.

आबा म्हणाले, “हेळव्या आलाच हाय तर बघ की बाबा, कुटं आड तर येत न्हाय ना.” विचारायची रीत म्हणून विचारलं, दुसरं काही नाही. एका मुळाची माणसं म्हणजे भाऊबहीण. किती पिढ्या गेल्या हे आमच्यात कुणी मोजत नाही, सोयरीक मोडावीच लागते. तुम्ही स्थळाचं नाव विचारलं. “मळगे,” आबा म्हणाले. तुमचा हात गाठोड्यावर थांबला. मग तुम्ही वही काढली, नांगऱ्यांचं पान उघडलंत, आणि मी तुमच्या खांद्यामागून माझी लाल रेघ पाहिली. रेघेखालचं सगळं स्वच्छ वाचता येत होतं. धोंडी. मळगे.

मी बोलायला हवं होतं. घरातला लिहिता-वाचता माणूस मी, खोडणारा मी. मी बोललो नाही.

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. तुम्ही दाराकडे पाहिलं. द्वारका जोंधळ्याचं सूप घेऊन उभी होती, नेहमीपेक्षा शिगोशीग भरलेलं, आणि तिला लाज वाटत होती की आज आपण जास्त भरलं ते सगळ्यांच्या लक्षात येईल. तुम्ही वही मिटली. “न्हाय,” म्हणालात. “काय आड न्हाय. चांगलं घर हाय, आबा.” मग बैलावर बसून पिढ्या म्हटल्यात. राणू, गाय, सटवा, खारी विहीर, आणि तिथून एकदम आमच्या पणज्याशी आलात. धुरवाला राणू नाही, त्याचा सटवा नाही, दक्षिणेला गेलेला धोंडी नाही. मी खोडलं होतं तेवढंच, तसंच, तुम्ही तोंडानं खोडलंत. नव्या पागोट्यासाठी एक गाय न सोडणारा माणूस माझ्या बहिणीसाठी दोन पिढ्या सोडून गेला. आबांना वाटलं, लग्नघाईत हेळव्यानं आवरतं घेतलं.

द्वारकेचं लग्न थाटात झालं. नागनाथ सावकाश मराठी शिकला आणि ती भराभर कानडी शिकली. तीन मुलं झाली.

इथपर्यंत असतं तर तुमचे उपकार मानून मी मोकळा झालो असतो. पण तुमची वही होती. लेक कुठं दिली ते लिहायचं असतं. दोन वर्षांनी तुम्ही आलात तेव्हा द्वारका बाळंतपणाला माहेरी आलेली. मांडीवर पोरगी घेऊन म्हणाली, “काका, माजं आन् हिचं नाव चढवा.” तुम्ही गाठोडं चाचपलं, कपाळावर हात मारलात. “ती वही घरीच इसरलो बग, तंगी. फुडच्या येळंला.” पुढच्या वेळेला शाई विसरलात. त्याच्या पुढच्या वेळेला मळग्यांचं गाव विसरलात, आणि सगळ्या अंगणानं ते ऐकलं. माणसं हसली. तुम्हीही हसलात, “वय झालं,” म्हणालात. तुमचं वय झालं नव्हतं, काका. आबांच्या आजीचं माहेर, तिच्या भावांची नावं, त्यांच्या बैलांचे रंग तुम्हाला त्याच बैठकीत तोंडपाठ होते.

का लिहीत नव्हता ते मला फार उशिरा उमगलं. लिहिलं असतं तर त्याच पानावर दोन मळगे झाले असते, एक रेघेखाली आणि एक रेघेबाहेर. उद्या कुणी तरी दोघांना जोडून पाहिलं असतं. आणि खोटं लिहायचं तर ते तुमच्या हातून होणार नव्हतं. मग तुमच्यापाशी विसरण्याशिवाय राहिलं काय?

‘हेळव्या इसराय लागला’ हे गावभर झालं. गावाबाहेर जायला किती वेळ लागतो? टेंभुर्णीच्या बाजूच्या घरांनी तुमच्या पिढ्यांवर शंका काढल्या. नातेपुत्याच्या सोयऱ्यांनी निरोप पाठवला, येत जाऊ नका, आमचा पोरगा शिकलाय, तो लिहून ठेवतो. ज्याची आठवण हीच शेती, त्याच्या शेतीत असं तण माजलं, आणि बी माझ्या दौतीतलं. आबा तुम्हाला अर्धंच सूप घालायला लागले. मी तिथंच असायचो. टोपी घालून, घडी मोडू न देता, बसलेला असायचो.

आणि द्वारका. तिच्या मनात बसलं, की माझ्या तोंडाकडे बघून हेळवी मला टाळतो. नकटी-काणी लेक घराण्याच्या पानावर नको असेल. धाकट्या मुलाच्या बारशाला तुम्ही आलात तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, “माज्या पोरांची नावं इसरनाऱ्याला माज्या हातची मूठभर जवारीबी मिळायची न्हाय.” आणि सूप उचलून आत गेली. तुम्ही म्हणालात, “बराबर हाय तंगीचं.” बैल वळवलात. मी तुमच्यामागं ओढ्यापर्यंत आलो होतो, आठवतं? बोलायचं ठरवून आलो होतो. तुम्ही विचारलंत, “सोलापुरात पानी येळंवर येतं का रं?” आणि मी पाण्याबद्दल सांगत राहिलो.

त्यानंतर अक्कलकोटकडे जाता-येता तुम्ही माझ्या खोलीवर उतरायला लागलात. बैल बोळात बांधायचा. पहिल्या दिवशी भोंगा झाला तेव्हा त्यानं शेजाऱ्यांचा माग उलथला, आणि म्हातारीनं तुम्हाला तेलुगूत आणि तुम्ही तिला कानडीत झाडलं, दोघांनाही एकमेकांचं सगळं समजलं असावं. तुम्हाला चहा आवडायला लागला होता. बशीत ओतून, फुंकर न घालता, थंड होईपर्यंत गप्पा. मी म्हणायचो, काका, हे सगळं छापून काढलं पाहिजे, पाठांतराचे दिवस गेले. तुम्ही म्हणायचा, “छापल्यालं कोन म्हनून दावतंय? कपाटात ठिवत्यात.” मी सनावळी विचारायचो, तुम्ही म्हणायचा, “साल काय करायचंय? चुली पेटवल्या ते ध्यानात ठिव.” हा वाद अर्धाच राहिला. तुमचं म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही, पण मुलांना इतिहास शिकवताना मी हल्ली साल शेवटी सांगतो.

मागच्या थंडीत आलात तेव्हा डोळे गेल्यातच जमा होते. म्हणालात, वही वाच, मी ऐकतो, मल्लप्पाला द्यायच्या आधी एकदा सगळं ताडून बघायचं आहे. मी पानं उलटत होतो, तुम्ही डोळे मिटून मान हलवत होता. नांगऱ्यांचं पान आलं. लाल रेघ विटून तपकिरी झाली होती. मी ‘काका’ एवढंच म्हणालो असेन. तुम्ही हात पुढं केला, चाचपत माझं मनगट धरलंत. “फुडचं पान,” म्हणालात. मी पान उलटलं. आपण दोघं त्या गोष्टीच्या एवढ्या जवळ त्याआधी कधी आलो नव्हतो, आणि पुढं कधी येणार नव्हतो हे मला माहीत नव्हतं.

मल्लप्पाचं रडणं ओसरल्यावर त्यानं वही काढली. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. तुम्ही त्यालाही सांगितलं नाहीत. तो म्हणाला, “बाप जाताना बोलला, द्वारकाअक्काचं नाव लिवायचं ऱ्हायलंय. मास्तर सांगतील तसं लिव. न्हाय म्हनले तर कोरं ठिव.” म्हणजे जाताना तुम्ही हे ओझं माझ्या खांद्यावर दिलंत. रागानं नाही, हे मला कळतं. जो खोडतो त्यानंच ठरवावं, एवढं सरळ असेल ते.

मी मल्लप्पाला ठेवून घेतलं आणि मोटारीनं मळग्यांच्या गावी गेलो. द्वारका ओसरीवर तूर निवडत होती, नागनाथ दाव्याला पीळ घालत होता. मी तुमच्या जाण्याचं सांगितलं. ती म्हणाली, “अरेरे,” आणि निवडत राहिली. मग मी बाकीचं सांगितलं, लाल शाईपासून. सांगून झालं तरी तिचे हात चालूच होते. सुपातली सगळी तूर निवडून झाली तेव्हा ती बोलली.

“म्हंजी ते इसरले न्हवते.”

“नाही.”

“मी तेंच्या म्होरनं सूप उचललं, दादा.”

“हो.”

“तू हुतास की तितं.”

नागनाथ उठला आणि दोरी खाली टाकून म्हणाला, “चार-पाच पिढ्यांमागला धोंडी आता उकरून काय करायचा? थोरलीचं लगीन चार वरसात करायचंय. भाऊकीत लगीन झालेल्या घरातली पोरगी कोन करून घील?” त्याचंही खोटं नव्हतं. द्वारका निवडलेली तूर घेऊन आत गेली. संध्याकाळच्या मोटारीनं मी परत आलो आणि मल्लप्पाला सांगितलं, दोन दिवस थांब. मनात मी ठरवून टाकलं होतं, कोरं ठेवायचं. तुम्ही एवढं सोसलंत ते तिचं घर मोडायला नव्हे, अशी माझी मीच समजूत घातली. सोयीची होती.

काल दुपारी ती आली. सोबत नागनाथ. दोघंही बोलून-बोलून थकलेली दिसत होती. तिनं चहाला नको म्हटलं. मल्लप्पाला म्हणाली, “वही उगड. माज्या बापाच्या नावाखाली लेक म्हनून लिव. आन् दादानं खोडलंय तितं तो धोंडी हाय न्हवं, तेच्या फांदीवर सून म्हनून लिव. पोरांची नावं बी लिव. म्या दुबार हाय. असू दे.” मल्लप्पा माझ्याकडे पाहायला लागला. मी नागनाथाकडे पाहिलं. तो म्हणाला, “माजा आजा गेला तवा कुनीतरी तेचं नाव इसरलं अस्तं तर म्या मारायला धावलो असतो. ह्यो मानूस आमच्यापाई धा वरसं मार खात बसला. लिव.”

मल्लप्पानं लिहिलं. लाल रेघ पुसता येत नाही. मी तिच्यावरच्या जागेत ती दोन माणसं आणि धोंडी पुन्हा लिहिले, आणि समासातल्या माझ्या शेऱ्यापुढं ‘चूक, सदाशिव नांगरे’ अशी सही केली. शाळेत मास्तरनं सही करून कबूल केलेली चूक मी आजवर पाहिली नव्हती.

मला वाटलं, झालं. वही मल्लप्पाच्या गाठोड्यात जाईल, दर दोन वर्षांनी उघडेल, कुणी वाचलं तर वाचलं. पण द्वारका उठेना. म्हणाली, “वहीत कोन बघतंय? इसरला इसरला म्हनून चावडीत बोलले, ते चावडीतच मिटाय पायजे. तू लिवतोस चांगलं. लिव, आन् ऐतवारी गावात वाचून दाव. आबा असू देत, नातेपुत्याचे बी बोलीव.” मी म्हटलं, लोक बोलतील, द्वारके. तुला बोलतील, पोरांना बोलतील. 

“बोलू देत की. तेंनी येकट्यानं किती ऐकून घेटलं.”

म्हणून हे लिहिलं आहे, भीमप्पाकाका. आज शनिवार. उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही जेऊरला उतरू. खरं सांगतो, मला भीती वाटते आहे. आबा उठून जातील, ते पुन्हा माझ्याशी बोलतीलच असं नाही. मघाशी मी तिला म्हटलं, तू घरातच थांब, बायकांत बस, मी वाचतो. ती नाही म्हणाली.

“तू वाच. मी म्होरं बसते, सगळ्यांस्नी दिसंल अशी.”